साडेनऊची मीटिंग

सकाळी 7.30
घर पुण्यातल्या वारज्यात, ऑफिस हिंजवडी फेज थ्रीत. अंतर वीसेक किलोमीटर. कधी पाऊण तास लागतो, कधी पावणेदोन. कुठल्या दिवशी किती, हे कळायला मार्ग नाही, म्हणून रोज पावणेदोन तास धरूनच निघायचं.

7.45
चांदणी चौक. जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये स्फोटकांनी पाडला, नवे रस्ते पुढच्या ऑगस्टमध्ये खुले झाले. इथली कोंडी खरंच सुटली. गाड्या आता लवकर पुढे सरकतात आणि वाकडला येऊन थांबतात.

8.15
भूमकर चौक. दुचाक्या फुटपाथवर चढल्यात. हिंजवडीचं आयटी पार्क उभं राहिलं एमआयडीसीच्या जमिनीवर, ग्रामपंचायतींच्या हद्दीत. हजारो गाड्या मात्र दोन महापालिकांतून येतात. रस्त्याचं गाऱ्हाणं न्यायचं कोणाकडे?

8.45
पोचलो. मीटिंगला पाऊण तास आहे. कॅन्टीनमध्ये माझ्यासारखेच लवकर पोचलेले चहा घेत बसलेत. हा वेळ पगारात धरलेला नसतो आणि घरच्यांच्याही वाट्याला येत नाही.

दुपारी 1.15
डबा. लॉकडाउनमध्ये कोल्हापूरला गेलेला आमचा सहकारी तिकडूनच काम करतो. त्याचा फोन. जेवायला घरीच असतो. दाभोळकर कॉर्नरची गर्दी, सुट्टीच्या दिवशी अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्या, सगळं ऐकवतो. मग म्हणतो, “गर्दी इथं पण आहे की रे भावा, पण कधी असते ते माहीत असतंय.”

संध्याकाळी 6.30
परतीचा नकाशा लालभडक. डोक्यावर मेट्रोचा मार्ग: माण ते शिवाजीनगर, सुमारे 23 किलोमीटर. बालेवाडी-बाणेरच्या लोकांचं भलं होईल. वारजे त्या वाटेवर नाही.

7.20
बायकोचा फोन, “किती वाजता येतोयस?” “बघू.” 2024 च्या टॉमटॉमच्या यादीत पुणं संथ वाहतुकीत जगात चौथं होतं, दहा किलोमीटरला सरासरी तेहतीस मिनिटं. ही सरासरी रोज मिळाली असती, तरी बायकोला नीट उत्तर देता आलं असतं.

रात्री 8.15
जेवताना कोल्हापूरचा विषय निघतोच. पण त्या मित्राचा पगार येतो हिंजवडीतूनच. कंपनीनं उद्या सगळ्यांना ऑफिसात बोलावलं, तर तोही भूमकर चौकात उभा राहील. माणसं लहान शहरात जायला तयार आहेत. ऑफिसं तिकडे जात नाहीत, तोवर तिकडून काम करणं ही काही जणांना मिळालेली सवलतच आहे आणि ती कंपनीच्या एका मेलनं संपू शकते.