फोटो तोच, व्हिडिओ वेगळा: काचेचं कोडं

आजचा विषय काच. पण मी सुरुवात करतो चिक्कीपासून.

खडीसाखर आणि चिक्कीचा कडक पाक, दोन्ही साखरच. खडीसाखरेत रेणू कवायतीसारखे ओळीत उभे असतात, तो स्फटिक. पाकात मात्र ते द्रवात होते तसेच अस्ताव्यस्त, फक्त जागेवर अडकलेले. शास्त्राच्या भाषेत ही चक्क काच! पावसाळ्यात चिक्की सादळते, कारण हवेतलं पाणी आत शिरतं आणि अडकलेल्या रेणूंना पुन्हा हलायला मोकळीक मिळते.

आता समजा, काच होत चाललेल्या द्रवातल्या रेणूंचा आपण फोटो काढला आणि व्हिडिओही. फोटो म्हणजे रचना, व्हिडिओ म्हणजे हालचाल. पाण्याचं बर्फ होताना दोन्ही बदलतात. सरळ हिशेब! काच होताना फोटो जवळपास तसाच राहतो. पण गरम असताना ज्या हालचालीला सेकंदाचा साधारण एक लाख कोटीवा भाग पुरतो, तिलाच आता 100 सेकंद लागतात!

मग अडवतंय कोण? नोबेलविजेते फिलिप अँडरसन यांनी 1995 मध्ये हा घन पदार्थांच्या सिद्धांतातला बहुधा सगळ्यात खोल, न सुटलेला प्रश्न म्हटलं होतं.

मला वाटतं, सरासरी बघण्यात आपली फसगत होते. द्रव सगळीकडे सारखा मंदावत नाही. एका कोपऱ्यात रेणू हलतात, शेजारीच ते जाम असतात. 2020 साली डीपमाइंडच्या संशोधकांनी कॉम्प्युटरला सिम्युलेशनमधल्या कणांच्या फक्त जागा दाखवल्या. पुढे कोण हलणार, कोण अडकणार, याचा अंदाज आधीच्या पद्धतींपेक्षा बराच चांगला आला. म्हणजे फोटोत खूण आहे, फक्त आपल्या नजरेला ती दिसत नव्हती.

याचा उपयोग काय? पाण्यात नीट न विरघळणारी काही औषधं मुद्दाम काचेच्या रूपात बनवतात. तशी ती जास्त विरघळतात. पण रेणू हळूहळू सरकून त्यांचे स्फटिक झाले, तर तो फायदा जातो. गोळी किती टिकेल हे रचना बघून आधीच कळलं तर?

आता खरा वाद असा: ती खूण हालचाल अडवते, की नुसती अडकल्याची निशाणी आहे? तुम्हाला काय वाटतं, कमेंटमध्ये सांगा. भेटूया पुढच्या भागात!