फिलिपिन्स : टायफूननंतर कर्मचाऱ्याच्या हाती काय?

टायफून : वायव्य प्रशांत महासागरातलं, ताशी सुमारे 118 किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्यांचं चक्रीवादळ. बंगालच्या उपसागरात याच प्रकाराला नुसतं चक्रीवादळ म्हणतात. फिलिपिन्सच्या हवामान हद्दीत वर्षाला सरासरी 20 वादळं येतात.

हैयान : टायफून, स्थानिक नाव योलांडा. 8 नोव्हेंबर 2013. किमान 6,300 बळी. ताक्लोबान शहरात समुद्र आत घुसला. मदत वाटणारेच बेघर झाले होते, त्यामुळे कंपन्यांचं पहिलं काम ठरलं आपली माणसं जिवंत आहेत का हे शोधणं. हजेरीपट घेऊन, फोन बंद असताना.

रजा : सरकारी कर्मचाऱ्यांना 5 दिवसांची विशेष आपत्कालीन रजा मिळते. खासगी क्षेत्रात अशी सक्ती नाही. ‘काम नाही, तर पगार नाही’ हा सर्वसाधारण नियम. भरपगारी रजा कंपनीच्या धोरणावर किंवा कामगार करारावर अवलंबून. कंपनीची मदत खरी मोलाची ठरते ती इथेच.

तेराव्या महिन्याचा पगार : 1975 पासून कायद्याने बंधनकारक. मुदत 24 डिसेंबर. वादळानंतर काही कंपन्या तो आधीच देतात. ही उचल आहे, देणगी नव्हे.

आपत्ती कर्ज : सामाजिक सुरक्षा संस्था ‘एसएसएस’ आणि गृहनिधी ‘पाग-इबिग’ यांच्या सदस्यांसाठी. आपत्तिग्रस्त घोषित भागातच लागू. हप्ते सहसा पगारातून कापले जातात.

उद्योगांची संस्था : ‘फिलिपिन डिझास्टर रेझिलियन्स फाउंडेशन’, 2009 च्या ओन्डोय वादळानंतर स्थापन. मोठ्या कंपन्यांच्या मदतकार्याचा मेळ घालते.