मिसळणे सोपे, वेगळे करणे कठीण

उन्हाळा तोंडावर आला की वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्यांची धावपळ सुरू होते. “गॅस संपलाय, भरावा लागेल,” हे त्यांचे नेहमीचे वाक्य तुम्ही ऐकले असेल. पण स्कूटरमधले पेट्रोल संपते तसा हा गॅस खरोखर संपतो का? मुळीच नाही. तो जळत नाही, खर्चही होत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस वर्षानुवर्षे फिरत असतो. तो कमी झाला असेल तर याचा अर्थ एकच : कुठून तरी गळून तो हवेत गेला.

आणि यंत्र अगदी जुने होऊन भंगारात निघाले की काय होते? पुष्कळदा नळीचे तोंड सैल केले जाते. ‘फुस्स्’ असा आवाज येतो आणि एकदोन मिनिटांत सगळा गॅस उडून जातो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे कुणाला काही वाटतही नाही.

थोडा हिशेब करून पाहू. दीड टनाच्या एका यंत्रात सुमारे एक किलोग्रॅम गॅस असतो असे धरा. अनेक यंत्रांत ‘आर-४१०ए’ नावाचा गॅस भरलेला असतो. शंभर वर्षांच्या काळात पृथ्वी तापवण्याच्या बाबतीत त्याचा एक किलोग्रॅम हा सुमारे २,०८८ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. एक लिटर पेट्रोल जळले की अंदाजे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे त्या एका ‘फुस्स्’ आवाजात सुमारे ९०० लिटर पेट्रोल जाळल्याइतका परिणाम झाला. लिटरला ४५ किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरने तेवढ्या पेट्रोलवर विषुववृत्तावरून पृथ्वीला एक पूर्ण प्रदक्षिणा घालता येईल!

मग हा गॅस पकडून पुन्हा का वापरत नाहीत? पुष्कळ ठिकाणी वापरतातही. पण त्यात एक अवघड गाठ आहे. ती सोडवण्याच्या खटपटीत असलेल्या काही माणसांची ही हकीकत आहे.

थंडी येते कुठून?

तळहातावर थोडे स्पिरिट टाकून फुंकर मारा. हात गार लागतो. स्पिरिटची वाफ होताना ती हाताची उष्णता घेऊन जाते. फ्रिज आणि वातानुकूलन यंत्र हेच करतात. आतल्या नळीत द्रवाची वाफ होते आणि ती खोलीतली उष्णता शोषून घेते. मग काँप्रेसर ती वाफ दाबून बाहेरच्या नळीत ढकलतो. तेथे तिचा पुन्हा द्रव होतो आणि घेतलेली उष्णता बाहेरच्या हवेत सोडली जाते. उष्णतेची अशी हमाली करणाऱ्या पदार्थाला ‘शीतक’ म्हणतात. मिस्त्री ज्याला ‘गॅस’ म्हणतात, तो हाच.

एक दुखणे गेले, दुसरे आले

शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड यांसारखे विषारी वायू असत. नळी फुटली तर घरातल्या माणसांच्या जिवावर बेतत असे. अमेरिकेत टॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. कार्बन, क्लोरीन आणि फ्लुओरीन यांची संयुगे, म्हणजे क्लोरोफ्लुओरोकार्बने, त्यांनी शीतक म्हणून पुढे आणली. १९३० साली मिजली यांनी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत हा वायू स्वतःच्या छातीत भरून घेतला आणि हळूच सोडून त्याने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही आणि पेट घेत नाही, अशा दोन्ही गोष्टी एका फुंकरीत सिद्ध झाल्या. ‘फ्रिऑन’ या नावाने तो जगभर पसरला.

पण १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या दोघांनी इशारा दिला. हे वायू इतके टिकाऊ आहेत की ते न मोडता वातावरणाच्या वरच्या थरात पोचतात. तेथे अतिनील किरणांनी त्यांतील क्लोरीन सुटा होतो आणि ओझोनचा नाश करतो. १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर ओझोनचा थर विलक्षण पातळ झाल्याचे मोजून दाखवले. १९८७ साली माँट्रिऑल येथे करार झाला आणि क्लोरोफ्लुओरोकार्बनांचे उत्पादन २०१० पर्यंत जगभर जवळजवळ बंद झाले.

त्यांच्या जागी आली हायड्रोफ्लुओरोकार्बने. त्यांत क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला धोका नाही. पण पृथ्वीची उष्णता अडवून धरण्यात तीही पटाईत निघाली. म्हणून २०१६ साली रुआंडातील किगाली येथे राष्ट्रे पुन्हा एकत्र आली आणि हीसुद्धा टप्प्याटप्प्याने कमी करायची असे ठरले. भारताने २०२१ साली त्याला मान्यता दिली. आपल्याकडे २०३२ पासून कपात सुरू होऊन २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर न्यायची आहे.

नावातले गणित

पुढे जाण्याआधी एक गंमत पाहू. शीतकांच्या नावातले आकडे मनाला येतील तसे दिलेले नाहीत. त्या आकड्यात ९० मिळवा, म्हणजे रेणूची घडण कळते. ‘आर-३२’ घ्या. ३२ अधिक ९० म्हणजे १२२. पहिला अंक कार्बनचे अणू सांगतो, दुसरा हायड्रोजनचे आणि तिसरा फ्लुओरीनचे. म्हणजे आर-३२ च्या रेणूत एक कार्बन, दोन हायड्रोजन आणि दोन फ्लुओरीन. आता ‘आर-१२५’ : १२५ अधिक ९० म्हणजे २१५. दोन कार्बन, एक हायड्रोजन, पाच फ्लुओरीन. कार्बनचे हात रिकामे उरले तर तेथे क्लोरीन आहे असे समजावे. जुन्या यंत्रांतील आर-२२ वर हे स्वतः करून पाहा. क्लोरीनचा एक अणू सापडला तर तुमचे गणित बरोबर आले!

मात्र आर-४१०ए ला ही युक्ती लागू पडत नाही. चारशेच्या घरातील आकडे मिश्रणांसाठी राखून ठेवलेले आहेत. आर-४१०ए म्हणजे आर-३२ आणि आर-१२५ यांचे वजनाने निम्मे-निम्मे मिश्रण.

जमलेली जोडी सुटेना

ही जोडी का जमवली? आर-३२ उत्तम थंडावा देतो, पण तो थोडासा ज्वलनशील आहे. आर-१२५ जळत नाही, उलट तो आग विझवण्यासाठीही वापरतात. दोन्ही एकत्र आले की चांगला थंडावा देणारे आणि पेट न घेणारे शीतक मिळते.

आता परिस्थिती बदलली आहे. एकट्या आर-३२ चा तापवण्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट आहे, तर आर-१२५ चा ३,५०० पट. त्यामुळे अनेक नव्या यंत्रांत आता एकटा आर-३२ भरतात. जुन्या यंत्रांतील मिश्रणातून आर-३२ वेगळा काढता आला तर तो नव्या यंत्रांत सरळ वापरता येईल. तितका वायू नव्याने बनवायला नको आणि जुना हवेतही सोडायला नको.

पण वेगळा काढायचा कसा? दोन द्रव वेगळे करण्याची शाळेत शिकलेली रीत म्हणजे ऊर्ध्वपातन. ज्याचा उत्कलनबिंदू कमी, त्याची वाफ आधी होते. द्रवरूप हवेतून नायट्रोजन आणि ऑक्सिजन असेच वेगळे काढतात. त्यांच्या उत्कलनबिंदूंत १३ अंशांचे अंतर आहे. आर-३२ उकळतो उणे ५१.७ अंश सेल्सिअसला आणि आर-१२५ उणे ४८.१ अंशांना. अंतर चार अंशांपेक्षाही कमी! शिवाय या दोघांचे मिश्रण जवळजवळ एकाच पदार्थासारखे उकळते. वर जाणाऱ्या वाफेतही दोघे आणि खाली राहिलेल्या द्रवातही दोघे.

अशी अडचण मद्यार्क बनवणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मळीपासून काढलेला अल्कोहोल कितीही वेळा ऊर्ध्वपातित केला तरी साध्या रीतीने तो सुमारे ९५ टक्क्यांच्या पुढे शुद्ध होत नाही. शेवटचे पाणी काढायला वेगळी युक्ती लागते. शीतकांच्या या जोडीलाही तशीच वेगळी युक्ती हवी होती.

मिश्रणे बनवणारा माणूस

मार्क शिफ्लेट हे रसायन अभियंते. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत त्यांनी अनेक वर्षे काढली. क्लोरोफ्लुओरोकार्बनांना पर्याय शोधण्याची निकड होती त्या काळात नवी शीतके तयार करण्याच्या कामात ते होते. तेथेच अकिमिची योकोझेकी यांच्यासमवेत ते एका निराळ्या पदार्थाकडे वळले. तो पदार्थ म्हणजे ‘आयनी द्रव’.

आयनी द्रव म्हणजे काय? आपले मीठ हे सोडियम आणि क्लोराइड यांच्या विद्युतभारित कणांचे, म्हणजे आयनांचे, बनलेले असते. हे कण वाण्याच्या दुकानात रचलेल्या साबणाच्या वड्यांसारखे एकमेकांना घट्ट चिकटून नीटनेटके बसतात. म्हणून मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. पण आयन मोठे आणि वेडेवाकडे असतील तर? मग त्यांची रास नीट रचता येत नाही आणि असे मीठ साध्या तापमानालाही द्रवच राहते. शिवाय त्याची वाफ जवळजवळ होतच नाही, त्यामुळे ते उडून जात नाही.

शिफ्लेट आणि योकोझेकी यांनी निरनिराळी हायड्रोफ्लुओरोकार्बने अशा द्रवांत किती विरघळतात ते काळजीपूर्वक मोजले आणि २००६ साली प्रसिद्ध केले. त्यांना दिसले की काही आयनी द्रवांत आर-३२ हा आर-१२५ पेक्षा बराच जास्त विरघळतो. आर-३२ चे हायड्रोजन अणू किंचित धनभारित असतात, त्यांना द्रवातील ऋण आयन ओढून धरतात. आर-१२५ जवळ असा हायड्रोजन एकच आहे.

जोडी सोडवण्याची किल्ली येथे होती. एका उंच मनोऱ्यात वरून आयनी द्रव सोडायचा आणि मध्ये आर-४१०ए. खाली उतरता उतरता द्रव आर-३२ ला आपल्यात ओढून घेतो. आर-१२५ माथ्यावरून बाहेर पडतो. खाली जमलेला द्रव गरम केला आणि दाब कमी केला की आर-३२ सुटा होतो. आयनी द्रव मागे राहतो, तो पंपाने पुन्हा वर चढवायचा.

२०१६ साली शिफ्लेट कॅन्सस विद्यापीठात प्राध्यापक झाले. जी शीतके बनवण्यात उमेदीची वर्षे गेली, त्यांची मिश्रणे सोडवण्याचे काम त्यांनी आता विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन हाती घेतले. त्यांच्या प्रयोगशाळेतून कॅलिन बाका आणि अ‍ॅबी हार्डर्स हे दोन संशोधक पुढे आले. केवळ प्रबंध लिहून न थांबता त्यांनी ‘आयकोरियम इंजिनिअरिंग कंपनी’ नावाचा छोटा उद्योग लॉरेन्स या विद्यापीठाच्याच गावात उभा केला. मिश्र शीतके वेगळी करून पुन्हा वापरात आणण्याचे तंत्र कारखान्याच्या मापात बसवणे हे त्याचे काम. २०२४ साली याच विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली शीतकांवरील मोठ्या संशोधन केंद्रासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २.६ कोटी डॉलर मंजूर केले.

तुम्ही म्हणाल, युक्ती सापडली, मग अडते कुठे? काचेच्या नळीत जमणारी गोष्ट मनोऱ्यात जमवणे हे अभियंत्याचे खरे कसब. आयनी द्रव मधासारखा दाट असेल तर पंपावर ताण येतो. तो महाग, म्हणून थेंबही वाया जाता कामा नये. हजारो फेऱ्यांनंतरही तो बिघडता कामा नये. शिवाय बाहेर पडणारा वायू नव्याइतकाच शुद्ध हवा. अमेरिकेत पुन्हा विकायच्या शीतकाची शुद्धता किमान ९९.५ टक्के असावी लागते.

मनोऱ्याच्या आधी मिस्त्री

पण मित्रांनो, मनोरा कितीही उत्तम बांधला तरी त्यात घालायला जुना गॅस आणायचा कोणी? तो घराघरांतून, दुकानांतून गोळा करावा लागतो आणि हे काम फक्त मिस्त्रीच करू शकतो. त्यासाठी लहान पेटीएवढे यंत्र असते. ते नळीतला गॅस ओढून घेते, दाबून त्याचा द्रव करते आणि टाकीत भरते. टाकी ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरत नाहीत, कारण उन्हात द्रव प्रसरण पावला तर टाकी फुटण्याचा धोका असतो. आणि एका टाकीत निरनिराळे गॅस कधीही एकत्र करायचे नाहीत. दोघांना वेगळे करताना केवढे सायास पडतात ते आपण आताच पाहिले. चार-पाच एकत्र झाले तर विचारायलाच नको!

या कामाला वेळ लागतो, यंत्राला आणि टाकीला पैसे लागतात. गॅस हवेत सोडायला मात्र पैही लागत नाही. आज गाठ अडली आहे ती इथेच. जुना गॅस शुद्ध करून चांगल्या किमतीला विकता आला, तर तो पकडून आणणाऱ्या मिस्त्रीलाही त्याचे मोल देता येईल. कॅन्ससमधील मनोऱ्याचा आणि आपल्या गल्लीतल्या मिस्त्र्याचा संबंध असा आहे.

आता तुमच्यासाठी एक काम. घरातल्या फ्रिजच्या मागे किंवा वातानुकूलन यंत्राच्या बाजूला एक पाटी असते. तीवर शीतकाचे नाव आणि वजन लिहिलेले असते. ते वहीत उतरवून घ्या. नावातला आकडा चारशेच्या आतला असेल तर त्यात ९० मिळवून रेणूची घडण काढा. पाटीवर आर-२९० दिसले तर उत्तर पाहून तुम्हाला नवल वाटेल : तीन कार्बन, आठ हायड्रोजन आणि फ्लुओरीन शून्य, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसमध्ये असणारा आपला ओळखीचा प्रोपेन!

आणि पुढच्या वेळी मिस्त्री जुने यंत्र काढायला आले की त्यांना आदराने एवढेच विचारा, “काका, यातला गॅस तुम्ही कुठे ठेवणार?”