उर्दू-मराठी सॉफ्टवेअर आणि कॉपीलेफ्ट परवाने

सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबरच मराठी व उर्दू माध्यमांतही चालतात. अशा शाळांसाठी प्रगतिपुस्तके छापणारे सॉफ्टवेअर तयार करावयाचे झाल्यास डावीकडून व उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या दोन्ही लिप्या हाताळाव्या लागतील. हे काम सहसा कोणी मुळापासून करीत नाही. तयार मुक्त स्रोत लायब्ररी जोडली जाते. मात्र मुक्त म्हणजे बिनशर्त, असा जो समज आढळतो तो चुकीचा आहे.

कॉपीलेफ्टमध्ये स्वामित्वहक्क सोडलेला नसतो. त्याच हक्काच्या बळावर अट घातलेली असते. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते.

जीपीएल परवान्याची लायब्ररी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये मिसळून ते दुसऱ्यास दिले, तर संपूर्ण सॉफ्टवेअर सोर्स कोडसह त्याच परवान्याखाली द्यावे लागते. स्वतःच्या कार्यालयापुरता वापर असेल तर ही अट लागू होत नाही. पण एका शाळेला एक सीडी दिली तरी ते वितरणच. विक्रेत्यास ही अट जाचक वाटते. उद्या त्याने व्यवसाय बंद केला, तर शाळेला दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घेता येते, हे मात्र तो सांगत नाही.

उर्दू वाक्यात मराठी नाव किंवा आकडा आला की अक्षरांचा क्रम लावणारी 'फ्रिबिडी' ही लायब्ररी एलजीपीएल परवान्याची आहे. येथे स्वतःचा कोड बंद ठेवता येतो. परंतु लायब्ररीचा सोर्स कोड व परवान्याची प्रत ग्राहकाला मिळाली पाहिजे, आणि त्याला लायब्ररीची सुधारित आवृत्ती बसविता आली पाहिजे. म्हणून ती स्वतंत्र फाइल म्हणून जोडणे सोयीचे. ती मुख्य प्रोग्राममध्येच विरघळवली, तर पुन्हा जोडणी करता येईल अशा ऑब्जेक्ट फाइल्सही द्याव्या लागतात. नेमकी हीच बाब दुर्लक्षिली जाते.

देवनागरी जोडाक्षरे व नस्तालीकची वळणे जुळविणाऱ्या 'हार्फबझ'चे नाव फारसीतील 'हर्फ' आणि 'बाज' (खुला) यांवरून पडले आहे. मूळ फ्रीटाइप प्रकल्पातील हा कोड पँगो व क्यूटी यांत वेगवेगळा वाढला. पुन्हा एकत्र आणताना एमआयटी धर्तीचा सैल परवाना स्वीकारला गेला. त्यात स्वामित्वहक्काची सूचना कायम ठेवली की पुरते.

फाँटचे परवाने वेगळे असतात. रेड हॅटने प्रसृत केलेला लोहित देवनागरी आधी जीपीएलखाली होता, २०११ मध्ये तो ओपन फाँट लायसन्सखाली आला. आता तो बंद सॉफ्टवेअरसोबत देता येतो. एकटा फाँट मात्र विकता येत नाही, आणि त्यात बदल केल्यास नवा फाँटही त्याच परवान्याखाली ठेवावा लागतो.