किती टक्के ब्लॉकेज?

अँजिओग्राफी झाली की आपल्याकडे नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला : किती टक्के ब्लॉकेज आहे? हा प्रश्न जन्माला आला एका अपघातातून. १९५८ साली क्लीव्हलंडमध्ये मेसन सोन्स एका रुग्णाच्या महाधमनीत रंगद्रव्य सोडणार होते. नळीचं टोक घसरून उजव्या हृदयधमनीत शिरलं आणि रंगद्रव्य थेट तिथेच गेलं. असं झालं तर माणूस दगावणार, अशी तोवरची समजूत. हृदय क्षणभर थांबलंही. सोन्स यांनी रुग्णाला खोकायला लावलं आणि ठोके परतले. जिवंत माणसाच्या हृदयधमनीचं चित्र असं हाती आलं.

अडथळा दिसू लागला, तसे तो दूर करायला हात शिवशिवू लागले. १९६४मध्ये पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली धमनी आतूनच रुंद केली, पाय वाचला. अमेरिकी सर्जनांनी नाकं मुरडली, युरोपने मात्र हे तंत्र उचललं. १९७७मध्ये झुरिचला आंद्रेआस ग्रुंटसिग यांनी फुगा हृदयधमनीत नेला. १९८६मध्ये हृदयधमनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसला. तो पाहायला डॉटर, सोन्स, ग्रुंटसिग यांपैकी कुणीच नव्हतं. तिघेही १९८५मध्येच गेले.

पण अँजिओग्राफीत दिसते ती रक्ताची वाट, भिंत नव्हे. गोम इथेच होती. १९८८च्या सुमारास हृदयविकाराच्या झटक्याआधीची आणि नंतरची चित्रं ताडून पाहिली, तर घाव बऱ्याचदा आधी निम्म्याहूनही कमी अरुंद असलेल्या जागी बसलेला. भिंतीत चरबीचा साठा, त्यावर पातळ पापुद्रा, आत धुमसणारा दाह. पापुद्रा फाटला की गुठळी होते आणि बघता बघता धमनी बंद. दाहाचं जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिरखोव्ह यांनी एकोणिसाव्या शतकातच सांगितलं होतं. कोलेस्टेरॉल खाऊ घातलेल्या सशांच्या चरबी साठलेल्या धमन्या रशियन संशोधक आनिच्कोव्ह यांनी १९१३मध्ये दाखवल्या होत्या. पण तुंबलेला नळ मोकळा करण्याची कल्पना इतकी पटणारी, की भिंतीकडे लक्ष जायला वेळ लागला. माझ्या मते ‘टक्क्यां’नीच डोळे दिपवले.

२००७च्या ‘करेज’ चाचणीत स्थिर हृदयविकाराचे २,२८७ रुग्ण होते. औषधांच्या जोडीला स्टेंट घातल्याने त्यांचे मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. फेब्रुवारी २०१७मध्ये भारत सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. स्टेंट हवा की नको, हा प्रश्न त्याने सुटणारा नव्हता. २०१९मध्ये ५,१७९ रुग्णांच्या ‘इस्केमिया’ चाचणीनेही साधारण ‘करेज’सारखंच सांगितलं, मात्र छातीतलं दुखणं स्टेंट-बायपासने अधिक कमी झालं. ऐन झटक्यात तातडीने धमनी उघडल्याने जीव वाचतो, त्याबद्दल वाद नाही. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेल्यांना ‘इस्केमिया’त घेतलंच नव्हतं; त्यांनी या निकालावर विसंबू नये.