विश्लेषण : रिपोर्ट नॉर्मल, तरी थकवा का जात नाही? गोव्यातील अभ्यास काय सांगतो?

छत्रपती संभाजीनगर : ‘अंगात त्राणच नाही’, ‘झोपून उठलं तरी हातपाय गळालेलेच.’ दवाखान्यांत ही तक्रार नेहमीची. रक्त तपासले जाते, हिमोग्लोबिन बरे निघते, टॉनिक लिहून दिले जाते. महिनाभराने रुग्ण पुन्हा तीच तक्रार घेऊन येतो. या थकव्याचा शोध घेणारा एक महत्त्वाचा अभ्यास गोव्यात झाला आणि २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला.

अभ्यास कोणाचा?
डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा. मुंबईत जन्मलेले, तिथेच वैद्यकीय शिक्षण घेतलेले पटेल मानसोपचारतज्ज्ञ आहेत. झिम्बाब्वेत काम केल्यानंतर ते गोव्यात आले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेचे ते सहसंस्थापक.

काय आढळले?
१८ ते ५० वयोगटातील २,४९४ महिलांची पाहणी झाली. त्यातील ३०३, म्हणजे १२.१ टक्के महिलांना सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ थकवा होता.
• थकवा आणि हिमोग्लोबिन यांचा संबंध दिसला नाही.
• कमी शिक्षण, कुटुंबावरील कर्ज, घरातील उपासमार यांच्याशी संबंध दिसला.
• मानसिक त्रास आणि पतीकडून होणारी लैंगिक हिंसा यांच्याशी ठळक संबंध दिसला.

म्हणजे थकवा हा मनाचा खेळ?
नाही. थकवा खराच असतो. शिवाय अशा पाहणीतून संबंध कळतो, कारण सिद्ध होत नाही. रक्ततपासणीही टाळू नये, कारण ॲनिमिया, थायरॉइड, मधुमेह यांवर उपचार आहेत. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे चौकशी संपली, असे होत नाही.

संसर्गानंतरचा थकवा वेगळा कसा?
२००६ च्या साथीनंतर चिकुनगुनियाची सांधेदुखी महिनोन्‌महिने कशी रेंगाळते, हे मराठवाड्याने पाहिले. कोविडनंतर साधारण तीन महिन्यांनीही त्रास असेल, तो किमान दोन महिने टिकला असेल आणि दुसरे कारण सापडत नसेल, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला ‘पोस्ट कोविड’ म्हणते. काहींचा त्रास पुढे ‘एमई/सीएफएस’ या दीर्घ आजाराचे रूप घेतो. त्याची मुख्य खूण म्हणजे थोडे जास्त काम झाले की त्याच किंवा दुसऱ्या दिवशी त्रास वाढतो. अशा रुग्णाला ‘रोज थोडा जास्त व्यायाम करा’ हा सल्ला त्रासदायक ठरू शकतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्ये तो उपचार मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकला.

डॉक्टरांना काय सांगावे?
• थकवा कधीपासून? त्याआधी ताप आला होता का?
• कामानंतर, दुसऱ्या दिवशी वाढतो का?
• झोपेनंतर ताजेतवाने वाटते का?
• घरात कर्ज, ताण, मारहाण आहे का?
वजन घटणे, रात्री घाम, सततचा ताप किंवा धाप असल्यास थांबू नये.

मदत कुठे?
मानसिक त्रासासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. गोव्यातच पुढे प्रशिक्षित समुपदेशकांनी सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्य व चिंतेच्या रुग्णांना मदत केली. त्याचा फायदा झाल्याचे २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. रुग्णाचे नीट ऐकून घेणे, हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता.