तिथले बारीक दाणे म्हणजे गुप्तरोग नव्हे. बिब्बा-चुना लावू नका

लिंगाच्या बोंडाच्या काठाला गोल रांगेत बारीक दाणे. रंग कातडीसारखा किंवा पांढरट, आकार राजगिऱ्याएवढा, म्हणजे एक-दोन मिलिमीटर. दुखत नाहीत, खाजत नाहीत, पू नाही. अठरा-वीस वर्षांच्या पोराला आंघोळ करताना हे एक दिवस दिसतं आणि झोप उडते. गावात याला एकच शब्द माहीत : गरमी. मग लग्न ठरलेलं पोरगंही काहीतरी कारण काढून तारीख पुढं ढकलतं.

खरं म्हणजे हा रोगच नाही. डॉक्टर याला 'पर्ली पेनाइल पॅप्युल्स' म्हणतात, मोत्यांसारखे दाणे. वयात आल्यावर बऱ्याच पुरुषांना ते येतात, जसा कुणाच्या गालावर तीळ असतो. घाणीमुळं येत नाहीत, हस्तमैथुनानं येत नाहीत, कुणाकडून लागत नाहीत, बायकोला लागणारही नाहीत. ताकदीशी आणि मूल होण्याशी त्यांचा काही संबंध नाही. वय वाढतं तसे ते बहुतेकांचे पुसट होतात.

दुसरा प्रकार लिंगाच्या दांड्यावर किंवा अंडाच्या पिशवीवर. कातडी ताणली की पिवळसर-पांढरे ठिपके दिसतात. या तेलाच्या ग्रंथी. अंगावर इतर ठिकाणी त्या केसाच्या मुळाशी लपलेल्या असतात, इथं नुसत्या असतात म्हणून नजरेत भरतात. आरशासमोर ओठ उलटून पाहा, अनेकांना तिथंही असेच ठिपके सापडतील. अमेरिकेतल्या फोर्डाइस या डॉक्टरांनी १८९६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून नाव 'फोर्डाइस स्पॉट'.

वय झाल्यावर पिशवीवर लाल-जांभळे ठिपकेही येतात. त्या फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या. खाजवलं तर रक्त येतं. स्वच्छ कापडानं दाबून धरलं की थांबतं. वारंवार येत असेल तर मात्र दाखवा.

नुकसान होतं ते उपायांनी. कुणी चुना लावतो, कुणी बिब्ब्याचं तेल, कुणी सुईनं फोडतो, कुणी घोड्याचा केस बांधतो. तिथली कातडी पातळ. बिब्ब्यानं भाजून फोड येतात आणि जिथं काही नव्हतं तिथं जखम होते. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेलं खाजेचं मलमही तसंच. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. त्यानं कातडी आणखी पातळ होते, आणि जांघेत गजकर्ण असेल तर ते दबून पसरत राहतं. भिंतीवर 'गुप्तरोग हमखास बरा' लिहिणाऱ्यांचं तर काय सांगावं! अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे, तरी एसटी स्टँडजवळ ती दिसतेच.

पण सगळेच दाणे निरुपद्रवी नसतात, भाऊ. फुलकोबीसारखे खरबरीत, वाढत जाणारे मस, मधे खळगा असलेले दाणे, पाण्याचे दुखणारे फोड, लघवीच्या जागेतून पू, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर गाठा. रात्री खाज सुटते आणि घरात इतरांनाही खाजतंय, तर ती खरूज असू शकते. सगळ्यात फसवी म्हणजे न दुखणारी जखम. खरी गरमी अशीच सुरू होते. काही आठवड्यांत जखम आपोआप भरते, माणूस सुटलो म्हणतो आणि रोग आत राहतो. वेळेत कळलं तर पेनिसिलिनच्या इंजेक्शननं तो बरा होतो.

जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाचे डॉक्टर आहेत. सरकारी दवाखान्यातल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये याच तक्रारी बघतात, नाव बाहेर जात नाही. एचआयव्ही किंवा लैंगिक आजाराबद्दल नुसतं विचारायचं असेल तर १०९७ हा फोन मोफत आहे.

केसपेपर काढताना 'चामडीचा त्रास' एवढं सांगितलं तरी भागतं. बाकी आत डॉक्टरांना सांगा. आधी काही लावलं असेल, तर त्याची ट्यूब किंवा पुडी सोबत न्या. आणि खरोखरच लागण निघाली, तर डॉक्टर बायकोलाही बोलावतील. तिला घेऊन जा, कारण एकट्यानं औषध घेतलं तर लागण पुन्हा घरातच फिरते.